पेशीच्या बुडाखालचं प्लास्टिक

(जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

१९९३ साली अमेरिकेत, बेथेस्डा इथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेत एका औषधाची चाचणी चालू होती. औषधाचं नाव फियालुरिडीन. हिपॅटायटिस बी-वर ते चांगलं काम करत होतं, रुग्णांच्या रक्तातला विषाणू भराभर कमी होत होता. चाचणीत १५ रुग्ण होते. जून महिन्यात त्यांतल्या एकाचं यकृत निकामी झालं. डॉक्टरांनी चाचणी तिथंच थांबवली, सगळ्यांच्या गोळ्या बंद केल्या. पण गोळ्या बंद करूनही एकेकाची तब्येत ढासळत गेली. एकूण ७ जणांना यकृताचा गंभीर त्रास झाला. त्यांतले ५ दगावले, आणि जे दोघं वाचले ते दुसऱ्याचं यकृत बसवल्यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, हे औषध आधी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. लहान उंदीर, मोठे उंदीर, कुत्री, माकडं, सगळ्यांवर झालं होतं. त्यांच्या यकृताला काही झालं नाही. कारण पुढं बऱ्याच वर्षांनी उलगडलं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात पदार्थ आत नेणारं एक प्रथिन असतं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात ते बसलेलं असतं, उंदराच्या नसतं. त्यामुळे माणसात हे औषध मायटोकॉन्ड्रियाच्या आत शिरलं, तिथल्या डीएनएत घुसलं आणि पेशीचं वीजघर हळूहळू बंद पडलं. उंदरात ते दारातच अडलं.

या प्रकरणातून माणसाचं यकृत माणसाच्याच पेशीवर तपासलं पाहिजे, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. दुसरी गोष्ट मात्र लोक पटकन विसरतात. हे विष चढायला आठवडे लागले. दोन आणि चार आठवड्यांच्या आधीच्या छोट्या चाचण्यांत ते दिसलंच नव्हतं. म्हणजे माणसाची पेशी नुसती मिळवून भागत नाही, ती काही आठवडे जिवंत राहिली पाहिजे, आणि नुसती जिवंत नाही तर यकृताचं काम करत राहिली पाहिजे. माझं आजचं सगळं बोलणं या एका अटीभोवती फिरणार आहे.

मी डॉक्टर नाही, जीवशास्त्राचा पदवीधरही नाही. मी पॉलिमरवाला माणूस, म्हणजे प्लास्टिक-रबरासारख्या लांब साखळीच्या रेणूंचा. आमच्याकडे लोक रंग, पाइप, गाद्या आणि बुटांचे तळवे घेऊन येतात. यकृताच्या पेशींशी आमचा संबंध आला तो त्या पेशी ज्यावर बसतात त्या पृष्ठभागामुळे. औषध सुरक्षित आहे की नाही याचा निकाल देणारी पेशी कशावर बसली आहे, यावर तो निकाल बराच अवलंबून असतो, आणि या बाबीकडे औषध कंपन्यांनी फार वर्षं दुर्लक्ष केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी यकृत करतं काय ते पाहू. घरातलंच औषध घ्या, पॅरासिटामॉल. गोळी घेतली की बहुतेक पॅरासिटामॉल यकृतात निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जातं. थोडासा भाग मात्र सायटोक्रोम पी-४५० नावाच्या एन्झाइमांच्या हाती लागतो आणि त्यापासून एक अत्यंत चिडका रेणू तयार होतो. त्याला शास्त्रज्ञ एनएपीक्यूआय म्हणतात. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो, तो या रेणूला धरून निकामी करतो. नेहमीच्या मात्रेत हा हिशेब बरोबर जमतो. कोणी मूठभर गोळ्या खाल्ल्या की ग्लुटाथायोन संपतं आणि तो मोकाट रेणू पेशीच्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. दोन-तीन दिवसांत यकृत बसतं. विष गोळीत नव्हतं. ते यकृतानं स्वतः बनवलं.

आता याच औषधाची चाचणी प्रयोगशाळेत करायची आहे. समजा तुम्ही अशी यकृतपेशी घेतली जिच्यात सायटोक्रोम एन्झाइमं जवळजवळ उरलेलीच नाहीत. तिच्यावर पॅरासिटामॉल टाकलं तर ती चिडका रेणू बनवणारच नाही. पेशी ठणठणीत, अहवाल स्वच्छ. काम विसरलेली पेशी औषधाला निर्दोष सोडते. हा मुद्दा मी मुद्दाम सावकाश सांगतोय, कारण यात गोम आहे: बिघडलेली चाचणी खोटी भीती दाखवत नाही, ती खोटा दिलासा देते.

हा काही कल्पनेतला धोका नाही. हेप-जी-टू नावाच्या पेशी जगभरातल्या प्रयोगशाळांत वापरल्या जातात. अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीपासून त्या आल्या. वाढवायला सोप्या, स्वस्त, वर्षानुवर्षं विभागत राहतात. पण गाठीच्या पेशी त्या, त्यांच्यातली औषध पचवणारी एन्झाइमं अगदीच तुटपुंजी. तरी कितीतरी शोधनिबंधांत ‘यकृतपेशींवर सुरक्षित’ असं लिहिलेलं असतं आणि खाली पद्धतीच्या भागात बारीक अक्षरांत हेप-जी-टू. असा निबंध वाचताना मी आधी तो भाग वाचतो, निष्कर्ष नंतर.

मग खऱ्या माणसाच्या ताज्या पेशी का नाही घ्यायच्या? घेतात. प्रत्यारोपणासाठी दान आलेलं पण काही कारणानं न वापरलेलं यकृत, किंवा शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या भागातली निरोगी कडा, हा त्यांचा उगम. त्या भागातल्या रक्तवाहिनीत नळी घालून आधी कॅल्शियम नसलेलं द्रावण फिरवतात, त्यानं पेशींचे एकमेकींतले टाके सैल होतात. मग कोलॅजिनेज एन्झाइमचं कोमट द्रावण. हळूहळू तो लालसर तपकिरी तुकडा मऊ पडतो, आणि चिमट्यानं वरचं आवरण फाडून हलवलं की पेशी दुधाळ ढगासारख्या द्रावणात सुटतात. त्या धुऊन प्लेटमध्ये टाकायच्या. चारेक तासांत बुडाला धरतात.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघा. सुंदर दिसतात हो. पाच-सहा कोनांच्या, एकमेकींना खेटून बसलेल्या, काहींत दोन-दोन केंद्रकं. दोन पेशींच्या मधल्या सीमेवर चकाकती बारीक रेघ दिसते. ती पित्तनलिका, तिथं पित्त सोडण्याचं काम चालू असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती रेघ पुसट होते. कोन बोथट होतात. पेशी पसरट, लांबुळकी होऊ लागते, कातडीतल्या जोडपेशीसारखी (फायब्रोब्लास्टसारखी) दिसू लागते. तोपर्यंत सायटोक्रोमचं काम पहिल्या दिवसाच्या कितीतरी खाली आलेलं असतं. पेशी मेलेली नसते. श्वास चालू असतो, साखर खाते, रंग टाकला तर जिवंत म्हणून उजळते. फक्त ती यकृताची राहिलेली नसते.

ती हे का करते? इथं आमचं खातं सुरू होतं.

ती प्लेट पॉलिस्टायरीनची असते. साधं पॉलिस्टायरीन पाणी झटकणारं, त्यावर पेशी धरत नाही. म्हणून कारखान्यात त्याच्या पृष्ठभागावर प्लाझ्माची प्रक्रिया करतात, म्हणजे ऑक्सिजनयुक्त गट चिकटवतात, आणि मग ते पाणी धरतं. तुम्ही पोषक द्रावण ओतता, त्यात बहुधा वासराच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम असतं. पेशी बुडाला पोचायच्या आत सीरममधली प्रथिनं त्या प्लास्टिकवर जाऊन बसतात. पेशी येते ती प्रत्यक्षात प्लास्टिकवर नाही, प्रथिनांच्या या थरावर बसते. कोणती प्रथिनं बसली, किती दाट, आणि कोणती बाजू वर करून, हे ठरवतं खालचं पॉलिमर. पेशीच्या अंगावरचे ग्राहक, म्हणजे ठरावीक रेणू ओळखणारी प्रथिनं, ही सगळी मांडणी चाचपतात आणि आत केंद्रकापर्यंत निरोप पोचवतात.

वर हा कठीणपणा. तुमच्यापैकी काहींनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कठीणपणा मोजणारी तपासणी, करून घेतलं असेल. निरोगी यकृताचा आकडा साधारण ५-६ किलोपास्कल येतो, १२-१४ च्या वर गेला की डॉक्टर सिरॉसिसची शंका घेतात. पॉलिस्टायरीनचा कठीणपणा सुमारे ३ गिगापास्कल, म्हणजे ३० लाख किलोपास्कल. म्हणजे यकृताच्या लाखो पट. जिथं १४ ला आपण घाबरतो, तिथं त्या बिचाऱ्या पेशीला आपण ३० लाखांवर बसवतो आणि वर अपेक्षा करतो की तिनं शरीरातल्यासारखं वागावं.

यावर पहिला उपाय जीवशास्त्राच्या लोकांनीच काढला. पेशींना त्यांच्या सवयीचं अंथरूण द्या, म्हणजे कोलॅजेन. १९८९ मध्ये अमेरिकेत डन, टॉम्पकिन्स आणि यारमुश यांनी कोलॅजेनच्या जेलचे दोन थर करून मधे पेशी ठेवल्या, आणि त्या काही आठवडे अल्ब्युमिन हे यकृताचं नेहमीचं प्रथिन बनवत राहिल्या. आजही ही पद्धत वापरात आहे. हे कोलॅजेन बहुधा उंदराच्या शेपटीतून काढतात. दुसरं प्रसिद्ध अंथरूण म्हणजे मॅट्रिजेल. ते उंदरात वाढवलेल्या एका कर्करोगाच्या गाठीपासून काढलेलं प्रथिनांचं मिश्रण असतं. त्यात वाढीचे घटक असतात, नाना प्रथिनं असतात, आणि दर खेपेला त्यांचं प्रमाण थोडं वेगळं. नवी बाटली उघडली की आकडे हलतात, ही तक्रार प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. माणसाला औषध चालेल का हे ठरवायला उंदराच्या गाठीचा अर्क लागावा, हे मला रसायनशास्त्रज्ञ म्हणून बरंच ओशाळवाणं वाटतं.

म्हणून कारखान्यात मोजूनमापून बनवता येईल असं पॉलिमर हवं. त्याचा एक जुना आणि हुशार प्रयत्न जपानचा. यकृतपेशीच्या अंगावर गॅलॅक्टोज ही साखर ओळखणारा एक ग्राहक असतो. रक्तातली जुनी झालेली, टोकाची साखर उघडी पडलेली प्रथिनं उचलायला तो वापरला जातो. तोशिहिरो अकाइके यांच्या गटानं १९८०च्या दशकात पॉलिस्टायरीनच्या साखळीलाच गॅलॅक्टोजच्या फांद्या लावल्या. यकृताच्या पेशी त्याला बरोबर ओळखून बसल्या. म्हणजे पॉलिमरची रचना करून पेशीशी बोलता येतं, हे सिद्ध झालं. जपानातच पुढं ३२ अंशांच्या आसपास स्वभाव बदलणारं पॉलिमर वापरून पेशींची अख्खी चादर सोडवून घेण्याची युक्ती निघाली: ३७ अंशांना पेशी धरतात, तापमान उतरवलं की पॉलिमर पाणी पिऊन फुगतं आणि चादर आपोआप सुटते. तो विषय मोठा आहे, आज तिकडे जात नाही.

गॅलॅक्टोजसारखा विचार करून एकेक पॉलिमर बनवायला जन्म जाईल. दुसरा मार्ग असा की आपल्याला कळत नाही हे आधी मान्य करा आणि शेकडो पॉलिमर एकदम तपासा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात रॉबर्ट लँगर यांच्या प्रयोगशाळेत अँडरसन आणि लेव्हनबर्ग यांनी काचपट्टीवर अ‍ॅक्रिलेट पॉलिमरचे बारीक ठिपके छापून, त्यांवर मानवी मूळपेशी (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात त्या) सोडून, १७०० हून अधिक पेशी-पॉलिमर जोड्या एकाच प्रयोगात पाहिल्या. कृषी विद्यापीठाच्या शेतात शेजारीशेजारी वाफे करून प्रत्येकात वेगळं वाण लावतात आणि कोणतं तगतं ते बघतात, तोच हा प्रकार. फक्त इथं पीक एकच आणि माती प्रत्येक वाफ्यात वेगळी.

याच वाटेनं स्कॉटलंडमधल्या एडिनबरो विद्यापीठात रसायनशास्त्राचे मार्क ब्रॅडली आणि मूळपेशींवर काम करणारे डेव्हिड हे यांचे गट एकत्र आले. ब्रॅडली यांच्याकडे पॉलियुरेथेन आणि पॉलिअ‍ॅक्रिलेटांचा मोठा साठा होता. काचपट्टीवर आधी अ‍ॅगारोजचा थर द्यायचा, कारण अ‍ॅगारोजवर पेशी धरत नाही, त्यामुळे ठिपक्यांमधली जागा रिकामी राहते. त्यावर सुईनं पॉलिमरच्या द्रावणाचे ठिपके ठेवायचे. प्रत्येक पॉलिमरचे अनेक ठिपके, वेगवेगळ्या जागी, म्हणजे पट्टीच्या कडेला बसल्यामुळे कोणी उगाच पहिला येत नाही. विद्रावक उडवायचा, निर्जंतुक करायचं, आणि मानवी भ्रूणाच्या मूळपेशींपासून घडवलेल्या यकृतपेशी वर सोडायच्या. मग यंत्र प्रत्येक ठिपक्यावरच्या पेशी मोजतं आणि रंगवलेली प्रथिनं बघतं.

या गर्दीतून एक पॉलियुरेथेन वर आलं. त्याला नाव वगैरे काही नाही, साठ्यातला क्रमांक १३४. २०११ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आधीच्या प्राणिज लेपांच्या तुलनेत १३४ वर बसलेल्या पेशींनी यकृताचं काम चांगलं आणि जास्त टिकून केलं, आणि मुख्य म्हणजे औषधानं डिवचल्यावर त्यांची औषध पचवण्याची क्षमता वाढली. मला यातली गंमत ही वाटते की पॉलियुरेथेन म्हणजे आमच्या धंद्यातला हमाल. फोमच्या गाद्या त्याच्या, बुटाचे तळवे त्याचे. यकृताच्या पेशीनं त्याच घराण्यातला एक भाऊ निवडला.

हे डिवचणं काय असतं ते थोडं सांगतो, कारण ते आपल्या फार जवळचं आहे. अशा चाचण्यांत एन्झाइमं डिवचायला जे ठरलेलं औषध वापरतात, ते रिफॅम्पिसिन. हो, टीबीचं, लघवी नारिंगी करणारं. रिफॅम्पिसिन यकृतपेशीत शिरलं की पीएक्सआर नावाचा ग्राहक जागा होतो आणि सायटोक्रोम ३ए४ हे एन्झाइम वाढवायचा हुकूम देतो. बाजारातली जवळपास निम्मी औषधं हेच एन्झाइम पचवतं. म्हणून टीबीचा कोर्स चालू असताना गर्भनिरोधक गोळी निष्प्रभ ठरू शकते. डॉक्टर दुसरा उपाय वापरायला सांगतात तो यासाठी. आणि गंमत अशी की उंदराचा पीएक्सआर रिफॅम्पिसिनला दाद देत नाही. त्याचा आकार वेगळा. रिफॅम्पिसिन दुसऱ्या औषधांना कसं पळवून लावतं हे फक्त उंदरावर तपासलं असतं तर कळलंच नसतं. प्लेटमधल्या पेशीनं मात्र रिफॅम्पिसिनला उत्तर दिलं, तर ती अजून यकृताची आहे असं समजायला हरकत नाही.

१३४ वरच पेशी का रमली? प्रथिनांचा थर, रसायन, लेप दिल्यावर राहिलेला खडबडीतपणा, सगळ्यांचा हात असणार. लेप द्यायची पद्धत बदलली तरी फरक पडतो. म्हणजे निवड झाली, समज मागाहून येतेय. माझ्या विद्यार्थ्यांना हे आवडत नाही, त्यांना सूत्र हवं असतं. मी सांगतो, धातूंच्या मिश्रणांतही शतकानुशतकं असंच चाललं.

आणि इथं मला पॉलिमरवाल्यांच्या विरुद्धची एक गोष्टही सांगितली पाहिजे. याच डेव्हिड हे यांच्या गटानं २०१५ मध्ये मूळपेशींपासून यकृतपेशी घडवताना लॅमिनिन-५२१ या प्रथिनाचा लेप वापरला आणि निकाल उत्तम आले. लॅमिनिन कुठल्या गाठीचं नाही, जनुकतंत्रानं शुद्ध बनवलेलं. त्यामुळे घटक अज्ञात असण्याची अडचण तिथंही सुटली. महाग आहे, हा भाग वेगळा. पॉलिमरची बाजू अशी की ते किलोनं बनतं, कपाटात टिकतं आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करता येतं. शिवाय मूळपेशींपासून घडवलेली यकृतपेशी अजून पुरती प्रौढ होत नाही, गर्भातल्या बाळाच्या यकृतासारखी वागते; अल्फा-फीटोप्रोटीन हे गर्भातलं प्रथिन बनवत बसते, एन्झाइमं कमी. पृष्ठभाग सुधारून ही उणीव थोडी भरते, पूर्ण नाही. कोणी कंपनीवाला तुम्हाला उलटं सांगत असेल तर त्याला सायटोक्रोमचे आकडे ताज्या मानवी पेशीच्या शेजारी ठेवून दाखवायला सांगा.

काहींनी उलटाच विचार केला: पेशीला बसायलाच जागा देऊ नका. पॉलिमरचा असा लेप द्यायचा की कोणतंही प्रथिन धरणार नाही आणि पेशीही धरणार नाही. मग पेशी नाइलाजानं एकमेकींना धरतात आणि गोळा होतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या इंगेलमन-सुंदबर्ग यांच्या गटानं २०१६ मध्ये दाखवलं की मानवी यकृतपेशींचे असे गोळे ५ आठवडे स्वभाव टिकवून राहतात. आणि त्यांच्यावर फियालुरिडीन टाकल्यावर, दिवस जात गेले तसं विष उमटत गेलं. २३ वर्षं उशिरा, पण उमटलं.

२००८ मध्ये एमआयटीत सलमान खेतानी आणि संगीता भाटिया यांनी तिसराच मार्ग घेतला. सिलिकॉन रबराच्या छाप्यानं प्लेटवर कोलॅजेनची अर्धा मिलिमीटर रुंद बेटं काढली, बेटांवर माणसाच्या यकृतपेशी आणि भोवती उंदराच्या जोडपेशी. अशा वस्तीत यकृतपेशी काही आठवडे काम करत राहतात. बेटाचा आकार बदलला की काम बदलतं, हे त्यातलं खरं निरीक्षण.

सिलिकॉन रबराचा विषय निघालाच आहे तर चिपबद्दल बोलतो, कारण सध्या वर्तमानपत्रांत तेच येतं. बोटभर लांबीच्या पारदर्शक रबरात दोन बारीक पाट, मधे सच्छिद्र पडदा, एका बाजूला यकृतपेशी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या आणि संरक्षक पेशी, आणि आतून सतत वाहणारं द्रावण. २०२२ मध्ये एम्युलेट या अमेरिकी कंपनीनं ८७० चिपांवर २७ औषधं तपासून दाखवली. यकृताला बाधणारी औषधं ८७ टक्के वेळा ओळखली आणि निर्दोष औषधाला एकदाही दोषी ठरवलं नाही. रचनेनं भावंडं असलेल्या जोड्याही होत्या: ट्रोव्हाफ्लॉक्सॅसिननं यकृतं बिघडवली, लिव्होफ्लॉक्सॅसिन आपण सर्रास घेतो. काम चांगलं आहे. पण चिप विकणाऱ्यानंच केलेली परीक्षा आहे, आणि २७ ही संख्या छोटी आहे, एवढं ध्यानात ठेवा.

त्या रबरात आमच्या दृष्टीनं एक मोठी खोट आहे. पॉलिडायमिथाइलसिलोक्सेन, म्हणजे हेच सिलिकॉन रबर, पारदर्शक असतं, ऑक्सिजन आरपार सोडतं, ओतून साच्यात घालायला सोपं. पण तेलाशी सलगी असलेले रेणू ते पिऊन टाकतं. आता औषधांचे कितीतरी रेणू नेमके तसेच असतात. तुम्ही पाटात ठरावीक मात्रा सोडता, त्यातली बरीचशी भिंतीतच मुरते, पेशीपर्यंत थोडीच पोचते. पेशी निर्धास्त. पुन्हा तोच खोटा दिलासा, फक्त या वेळी दोष पेशीचा नाही, भिंतीचा. म्हणून बाहेर पडणाऱ्या द्रावणात औषध किती उरलं ते मोजल्याशिवाय चिपच्या निकालाला काही अर्थ नाही. न पिणारी प्लास्टिकं वापरून पाहणं चालू आहे, पण मग ऑक्सिजनची आणि जोडणीची डोकेदुखी वाढते.

कायदा इकडे झपाट्यानं सरकतोय. १९३८ पासून अमेरिकेत नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्या हीच रीत होती. डिसेंबर २०२२ मधल्या कायद्यानं पेशी आणि चिपांवरचा पुरावाही चालेल असं ठरलं. भारतानं २०२३ मध्ये औषध-चाचणी नियमांत तशीच दुरुस्ती केली. आपल्याकडे त्याचा उपयोग सर्वांत आधी कुठं व्हावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्या देशात औषधांमुळे यकृत बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण टीबीची औषधं आहेत: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याकडे. आयसोनियाझिड हळू पचवणारे लोक भारतात मोठ्या संख्येनं आहेत, जपानात थोडे. पण बाजारात मिळणाऱ्या दात्यांच्या पेशी बहुतांशी अमेरिकेतल्या. तेव्हा पॉलिमर कितीही उत्तम निवडलं, तरी त्यावर बसवायची पेशी इथल्या माणसाची हवी. एखाद्याच्या रक्तातल्या किंवा कातडीतल्या पेशींपासून मूळपेशी करून त्यांची यकृतपेशी घडवता येते, ही वाट २००७ पासून उघडी आहे. तिथं पैसा घालायला हवा.

प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, की मग असं यकृत वाढवून माणसाला का बसवत नाहीत? त्यांना मी हिशेब सांगितला. माणसाच्या यकृतात शंभर अब्जांहून अधिक यकृतपेशी. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात सुमारे ५०,०००, म्हणजे अख्ख्या प्लेटमध्ये ५० लाखांच्या आत. एका यकृताला वीस हजारांहून जास्त प्लेटा लागतील, आणि तरी त्यांत रक्तवाहिन्या नसतील, पित्त बाहेर न्यायला वाट नसेल. चाचणीला मूठभर पेशी पुरतात, म्हणून चाचणी आधी आली.

दुसरा प्रश्न अपेक्षितच होता: आपली आयुर्वेदिक औषधं यात तपासता येतील का? विचारणाऱ्या गृहस्थांच्या मनात गुळवेल होती, त्यांनी तसं म्हटलंही. करोनाच्या काळात लोकांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीच्या गोळ्या आणि काढे भरपूर घेतले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना यकृताचा दाह झाला होता. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल त्यात असू शकते असंही म्हटलं.

तपासता येईल, पण सोपं नाही. काढा सरळ पेशींवर ओतायचा नाही, कारण आतड्यातून यकृतापर्यंत त्यातलं काय पोचतं ते आधी कळलं पाहिजे. शिवाय त्या रुग्णांमधला दाह शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं स्वतःच्याच यकृतावर चालून जावं तशा प्रकारचा होता. नुसत्या यकृतपेशींच्या प्लेटमध्ये तो दिसणारच नाही. त्याच माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोबत ठेवाव्या लागतील. आणि या सगळ्याच्या आधी, रुग्णानं घेतलेल्या त्याच डबीतल्या गोळ्या घेऊन त्यात कोणती वेल आहे हे तपासायचं. त्याला ना मूळपेशी लागत, ना पॉलिमर.